पिनकोड ४०००१३ ची सरासरी

मुंबईतल्या घरांच्या जाहिरातींमधे काही वर्षांपूर्वी एक नवीन गाव वसलं. त्याचं नाव 'अप्पर वरळी'. नकाशात शोधायला जाऊ नका, सापडणार नाही. रेल्वेच्या लेखी तिथे लोअर परळ स्टेशन आहे, पोस्टाच्या लेखी पिनकोड ४०००१३ आहे, आणि आमच्या आजोबांच्या पिढीसाठी लालबाग-परळ-डिलाईल रोड-वरळी या सगळ्या पट्ट्याचं एकच नाव होतं, गिरणगाव. 'लोअर' म्हटलं की फ्लॅटची किंमत लोअर वाटते, म्हणून 'अप्पर'. इतकं साधं लॉजिक!

मी याच भागात काचेच्या एका टॉवरमधे कोड पाडायला जातो. तुमच्यापैकी बरेच जण जात असतील. खाली कॉफी शॉप, मागे एक जुनं धुराडं, ते मात्र 'हेरिटेज' म्हणून राखलेलं. मागे एका मीटिंगमधे पाहुण्या कन्सल्टंटने स्लाईड दाखवली की या भागाचं सरासरी उत्पन्न गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कुठल्या कुठे गेलंय. आलेख डावीकडून उजवीकडे छान चढत होता. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. आलेख खराच असणार. फक्त घरी जाताना ट्रेनमधे एक प्रश्न डोक्यात घोळत राहिला, की वाढलं ते नक्की कुणाचं उत्पन्न? इथल्या माणसांचं, की इथल्या पिनकोडचं?

आता वीकेंड आहे, हातात चहा आहे, तेव्हा जरा मागे जाऊन बघू.

कावसजी नानाभाई दावरांनी १८५४ मधे कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मधे ताडदेवला मुंबईतली पहिली गिरणी सुरू झाली. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाचा भाव आभाळाला भिडला, मुंबईत पैसा खेळायला लागला आणि मग गिरण्यांचं पीकच आलं. १८७२ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आत होती, १९२१ मधे पावणेबारा लाख. मधे १८९६ चा प्लेग येऊन गेला, माणसं गावाकडे पळाली, त्यामुळे १९०१ चा आकडा १८८१ च्या जवळपास तिथेच राहिला. म्हणजे खरी वाढ पुढच्या वीस वर्षांतली.

आणि ही वाढ मुंबईत जन्मलेल्या पोरांची नव्हे. १९२१ मधे मुंबईत राहणाऱ्या दर शंभरातली सुमारे चौऱ्याऐंशी माणसं मुंबईबाहेर जन्मलेली होती. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले (तेव्हाचा रत्नागिरी, म्हणजे आजचा सिंधुदुर्ग धरून) दोन लाखांच्या वर. त्यानंतर सातारा, पुणे, देशावरचे इतर जिल्हे, उत्तरेकडचे विणकर. दुसरा आकडा याहून बोलका आहे. त्याच वर्षी मुंबईत हजार पुरुषांमागे बायका होत्या सव्वापाचशेच्या आसपास! जवळजवळ निम्म्या. बाकीच्या गावाला, शेत आणि म्हातारी माणसं सांभाळत आणि पोस्टमनची वाट बघत. मनीऑर्डर हा शब्द कोकणातल्या दोन-तीन पिढ्यांना किती जवळचा होता ते आपल्या यूपीआयच्या काळात समजावून सांगणं कठीण आहे. रत्नागिरीत २०११ सालीही हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. मुंबईतला खड्डा आणि कोकणातला उंचवटा, एकाच कुदळीचं काम.

मग ही एकटी पुरुषमंडळी राहायची कशी? गावकीच्या खोल्यांमधे. एका गावच्या मंडळींनी मिळून चाळीत एक खोली घ्यायची, भाडं वाटून भरायचं. भिंतीला फळ्या, फळ्यांवर प्रत्येकाची ट्रंक, दोरीवर कपडे, कोपऱ्यात गावदेवाचा फोटो. एका खोलीत वीस-तीस माणसं, आणि तीही शिफ्टप्रमाणे. पहिल्या पाळीवाला उठून गेला की रात्रपाळीवाला त्याच जागेवर वळकटी पसरणार. कॉम्प्युटर सायन्सच्या पुस्तकात 'टाइम शेअरिंग' हा १९६० च्या आसपासचा मोठा शोध म्हणून शिकवतात. गिरणगावात तो आधीपासून चालू होता, फक्त प्रोसेसरच्या जागी झोपायची जागा होती. जेवायला खाणावळ. ती चालवणारी बाई बहुतेक गिरणीवाल्याचीच बायको किंवा विधवा, महिन्याच्या हिशोबावर दहा-पंधरा जणांना जेवू घालणारी. हा सगळा धंदा घरातल्या घरात, त्यामुळे कुठल्याही सरकारी तक्त्यात त्या बाईचा व्यवसाय म्हणून नोंद असायची शक्यता कमीच. १९७५ मधे प्रेमा पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. तोवर त्या सावकाराच्या तावडीत.

सावकारावरून आठवलं. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मधे कामगार कुटुंबांच्या घरखर्चाची पाहणी केली होती, अडीच हजारांच्या आसपास कुटुंबांची. त्यात कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न निघालं सुमारे ५२ रुपये (घरातल्या सगळ्या कमावत्यांचं मिळून). निम्म्याहून जास्त खाण्यावर खर्च, भाड्यावर आठ टक्क्यांच्या आत. भाड्याचा आकडा वाचून ईएमआय भरणारे आपण जरा सुस्कारा सोडू. पण थांबा. सत्तेचाळीस टक्के कुटुंबं कर्जात होती आणि व्याजाचा नेहमीचा दर होता महिन्याला रुपयामागे एक आणा. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे वर्षाला पंचाहत्तर टक्के! आपल्या क्रेडिट कार्डवाल्यांनाही लाज वाटावी.

आणि भाडं कमी का, तर जागाच तेवढी. पाहणीतली सत्त्याण्णव टक्के कुटुंबं एका खोलीत राहणारी. १९२१ चा मुंबईचा बालमृत्यूचा तक्ता मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं छपाईची चूक आहे. नोंदलेल्या हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली मुलं: एका खोलीत राहणाऱ्यांची ८२८, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१, चार किंवा जास्त खोल्यांत १३३. डेटावाल्या मंडळींसाठी लगेच खुलासा: बऱ्याच बायका बाळंतपणाला गावी जायच्या, तिथे जन्माची नोंद व्हायची आणि मूल मुंबईत येऊन दगावलं की मृत्यू मात्र इथे. छेद लहान, अंश मोठा, त्यामुळे ८२८ हा आकडा फुगलेला आहे. कितीही हवा काढली तरी उरतं ते पुरेसं भयंकर आहे. घराचा एरिया आणि पोर जगणं यांचा इतका थेट संबंध मी दुसऱ्या कुठल्या तक्त्यात बघितलेला नाही.

'कामगार' म्हणून सगळे एका मापाचे होते असंही समजू नका. विणखात्यात पगार जास्त, आणि तिथे दलितांना प्रवेश नाही. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि 'त्यांनी' तोंड लावलेला धोटा इतरांना चालत नसे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. एकाच गिरणीत, एकाच भोंग्यावर आत शिरणाऱ्या दोन माणसांच्या उत्पन्नातला फरक जातीने ठरत होता. गिरणगावच्या गोड आठवणी काढताना हे पान लोक हळूच उलटतात, म्हणून इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

थोडं विषयांतर. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मधे बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन काढली, आणि बरीच वर्षं भांडून १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. तेव्हा आज अकरा वाजता अंथरुणात लोळत हे वाचत असाल तर ती सोय गिरणगावची आहे :)

असो. एका खोलीची ही दशा बघून सरकारने १९२० मधे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. तेच बीडीडी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ऐंशी खोल्या, एक खोली १६० चौरस फूट, संडास मजल्यावर सार्वजनिक. माझा एक मित्र ना. म. जोशी मार्गाच्या चाळीत वाढला. आजोबा गिरणीत, वडील गिरणीत, हा माझ्याबरोबर जावाच्या एक्सेप्शन्स शोधत बसायला. एकशेसाठ फुटात सात माणसं, आणि सहामाही परीक्षा आली की अभ्यास गॅलरीत. त्याच्या आईला मी एकदा विचारलं होतं की जागा पुरायची कशी. म्हणाली, "अरे, घरात सगळे एका वेळी असायचेच कुठे?" बघा, पुन्हा टाइम शेअरिंग.

स्वातंत्र्याच्या सुमारास चित्र बदललं होतं. बायका-मुलं गावाहून आली, पोरं म्युनिसिपालिटीच्या शाळेत जायला लागली, १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. बोनस, महागाई भत्ता, प्रॉव्हिडंट फंड. बदलीवाल्याचं मात्र तसंच, रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, काम मिळालं तर मिळालं. (कॉन्ट्रॅक्टवर बेंच सांभाळणाऱ्यांनी यात आपली ओळख शोधायला हरकत नाही.) पण कायम झालेल्याच्या घरी रेडिओ आला, मग टीव्ही आला, मुलगा मॅट्रिक झाला. तीन पिढ्यांची ती चढण होती. तिच्यावर कुणी स्लाईड केली नाही.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली साठेक गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. मागणी पगारवाढीची होती, आणि मान्यताप्राप्त युनियन म्हणून कायद्याने गळ्यात पडलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाची मक्तेदारी मोडण्याचीही. संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही. अर्थाने तो वर्ष-दीड वर्षात विरला, लाखाच्या वर कामगारांना परत घेतलं गेलं नाही, आणि ज्यांना घेतलं त्यांच्या गिरण्याही पुढे एकेक करून बंद पडत गेल्या. संपाने गिरण्या मारल्या की मरायला टेकलेल्या गिरण्यांना संप सोयीचा पडला, यावर आमच्या मित्राच्या घरी गणपतीत दरवर्षी भांडण होतं. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. यंत्रमागावरचं कापड स्वस्त पडत होतं, मालकांनी यंत्रांत पैसा घालणं कधीच कमी केलं होतं, आणि जमीन बसल्या जागी महाग होत होती. मालकाच्या जागी एक्सेल शीट बसवली असती तरी तिने तेच उत्तर दिलं असतं.

संपानंतर घरं कशी चालली ते आकड्यांत फारसं सापडत नाही. कामगारांच्या तोंडून ऐकायचं असेल तर मीना मेनन आणि नीरा आडारकरांचं २००४ चं मुलाखतींचं पुस्तक वाचा, आणि जयंत पवारांचं 'अधांतर' नक्की वाचा. महेश मांजरेकरांचा 'लालबाग परळ' (२०१०) त्यावरूनच केलेला. बायका पोळ्या लाटायला, घरकामाला बाहेर पडल्या, पुरुष वॉचमन झाले. काही जण ज्या गिरणीत जॉबर होते तिच्याच गेटवर!

आता जमिनीकडे वळू, कारण पुढचा सगळा आलेख तिचा आहे. गिरण्यांची एकूण जमीन सहाशे एकरांच्या घरात. १९९१ च्या विकास नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला: गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ मधे त्यात दुरुस्ती झाली. इमारती उभ्या आहेत ती जमीन वगळून जी मोकळी असेल तेवढ्याचेच तीन वाटे. गिरणी म्हणजे बहुतेक बांधकामच असतं, मोकळं काय असणार? कोडमधे एक कंडिशन बदलावी आणि सगळं आउटपुट फिरावं तसं झालं. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मधे दुरुस्तीविरुद्ध निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मधे ती कायम केली.

किंमतीचा अंदाज हवा? लोअर परळमधल्या मुंबई टेक्स्टाईल मिलची सुमारे साडेसतरा एकर जमीन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ मधे लिलावात विकली, डीएलएफने ७०२ कोटींना घेतली. २०१२ मधे तीच जमीन लोढांनी २७२७ कोटींना घेतली. एकरी चाळीस कोटींवरून दीडशेच्या वर, सात वर्षांत.

आणि माणसं? पालिकेच्या जी दक्षिण वॉर्डात (वरळी, लोअर परळ, प्रभादेवी) २००१ मधे साडेचार लाखांच्या वर लोक होते, २०११ मधे पावणेचार लाखांच्या जरा वर. शेजारच्या एफ दक्षिणमधे (परळ, लालबाग, शिवडी) चार लाखांच्या जवळून ३ लाख ६१ हजारांवर. अख्खा मुंबई शहर जिल्हा त्या दहा वर्षांत साडेसात टक्क्यांनी आटला. म्हणजे चाळीस-पन्नास मजली टॉवर चढत होते आणि डोकी कमी होत होती! विचित्र वाटतं, पण हिशोब सोपा आहे. एकशेसाठ फुटात सात माणसं राहायची, दोन हजार फुटात तीन राहतात, आणि काही फ्लॅट तर नुसते गुंतवणूक म्हणून कुलपात. याच दशकात रत्नागिरी जिल्हाही जवळपास पाच टक्क्यांनी घटला, सिंधुदुर्गही घटला. वाढलं कोण? तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा, छत्तीस टक्क्यांनी. पागडीची खोली विकून, पोरीचं लग्न उरकून, उरलेल्या पैशात डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा. परत गावी जाऊन काही नव्हतं आणि इथे परवडत नव्हतं.

आता त्या स्लाईडचा हिशोब मांडू. समजा एका गल्लीत दहा घरं आहेत, प्रत्येकाचं उत्पन्न महिना १५ हजार. सरासरी १५ हजार. चार घरं बदलापूरला गेली आणि त्यांच्या जागी पाच-पाच लाखांची दोन घरं आली. नवी सरासरी १ लाख ३६ हजार. नऊ पट! प्रत्यक्षात राहिलेल्या सहा घरांचा एक रुपयाही वाढलेला नाही. मधला आकडा, मीडियन, अजून १५ हजारच आहे. गेलेल्या चौघांची गरिबी आता दुसऱ्या पिनकोडच्या खात्यावर जमा. आणि माझा पगार? तो या आलेखात मोजला गेला असेल तर गंमतच, कारण मी रात्री साडेआठला ठाण्याची लोकल पकडतो.

हा फरक कागदावरचा नाही. गिरणी कामगार कामाला चालत जायचा, म्हणूनच चाळी गिरण्यांना खेटून होत्या. त्यांच्या जागी आलेले आपण ट्रेनने येतो. स्टेशनं आणि पूल मात्र तेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, पाऊस कोसळत असताना, परळ आणि एल्फिन्स्टन रोडला जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. त्यातले कितीतरी कामावर निघालेले. तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, कमला मिलच्या आवारातल्या आगीत चौदा जण गेले. एफएसआय वाढवायला एक सही पुरते, पुलाचा जिना रुंद करायला तेवीस माणसं मरावी लागली. पुढच्या फेब्रुवारीत लष्कराने येऊन नवा पूल बांधून दिला.

जमिनीच्या वाट्यातून कामगारांना घरं द्यायची होती, त्याचं काय झालं तेही बघा. म्हाडाची पहिली मोठी सोडत जून २०१२ मधे, ६९२५ घरांची. अर्ज सुमारे दीड लाख. मार्च २०२० मधे आणखी ३८९४ घरं. संपात तिशीचा असलेला माणूस २०२० मधे सत्तरीच्या उंबरठ्यावर होता, त्यामुळे कितीतरी अर्जांवर वारसाचं नाव. बीडीडीवाल्यांचं नशीब जरा बरं. वरळीच्या पुनर्विकासात पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मधे पाचशे फुटांची घरं मिळाली, आहे त्याच जागी. माझ्या मित्राच्या घरात तेव्हापासून एकच चर्चा: पाचशे फूट मिळाल्यावर चाळीसाव्या मजल्याच्या लिफ्टचा आणि पंपाचा खर्च पुढे कुणी आणि किती वर्षं भरायचा. आई म्हणते, मिळू दे तर आधी.

उरलेल्या गिरणी कामगारांसाठी सरकारने शेलू आणि वांगणीची घरं पुढे केली. बदलापूरच्या पुढे, कर्जतच्या वाटेवर, सीएसएमटीहून दीड-पावणेदोन तास. जुलै २०२५ मधे म्हातारे कामगार, त्यांची मुलं आणि काही ठिकाणी नातवंडं पावसात आझाद मैदानावर जमली होती. घर मुंबईतच द्या, अशी मागणी होती.